गोठ्यातली खुर्ची

माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूमागं राग आहे. लोक हौसेनं घर सजवतात, कुणी पाहुण्यांसाठी, कुणी मुलीला बघायला येणार म्हणून. मी अकरा वर्षं घराला जे जे केलं ते एका बाईच्या डोळ्यांत खुपावं म्हणून केलं. ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक अंगण, फार तर वीस पावलांचं. तेवढं ओलांडून ती अकरा वर्षांत एकदाही माझ्या उंबऱ्याच्या आत आली नाही. मला तिच्याकडून दुसरं काही नको होतं. तिनं एकदा माझ्या दारात यावं, काहीतरी मागावं, आणि मागताना मी तिच्या तोंडाकडं बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमचं गाव आष्ट्याच्या जवळ, चारी बाजूंनी ऊस. नवरा फौजेत होता. सासू-सासरे गेले, नवऱ्याची नोकरी संपत आली, तेव्हा दोघा भावांनी वाटणी करायचं ठरवलं. आमच्याकडं वाटणीची रीत साधी आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा. कुणा शहाण्यानं घालून दिलेली रीत असणार. दुसरा आधी उचलणार म्हटल्यावर वाटे पाडणाऱ्याला वाकडेपणा करता येत नाही, केला तर वाईट वाटा त्याच्याच पदरात पडतो.

थोरल्या दिरांनी वाटे पाडले ते असे. एका वाट्यात रस्त्याकडच्या तीन खोल्या, स्लॅबच्या, पुढं फरशीचा सोपा. दुसऱ्या वाट्यात मागचा गोठा आणि त्याच्यामागचं परडं. शेत सारखंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. भावकीतली चार माणसं सोप्यात बसली होती आणि आम्ही दोघी जावा आत कपबश्या पुसत होतो. बाहेरून दिरांचा आवाज आला, "उचल रं." मी मनात म्हटलं, चला, स्लॅबच्या खोल्या आपल्या. तो स्लॅब माझ्या नवऱ्याच्या पगारावर पडला होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला, "दादा, तुमी म्होरलं घ्या. मी मागं ऱ्हातो."

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. दीर दोनदा म्हणाले, "आरं, तू उचल की. रीत हाय." नवरा म्हणाला, "थोरल्याच्या म्होरं मी कसा बसू?" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं म्हणाले, आणि वाटणी झाली. माझ्या शेजारी थोरली जाऊ तोंडाला पदर लावून रडायला लागली. त्या रडण्याची मला इतकी चीड आली की मी कपबश्या तशाच टाकून परड्यात जाऊन उभी राहिले. एवढं घबाड पदरात पडल्यावर वर रडायचं कशाला?

त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं की हे ठरवून केलेलं आहे. आपला भाऊ भोळा आहे, चारचौघांत तो थोरल्याच्या आधी हात घालणार नाही, हे दिरांना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी एवढे वाकडे वाटे पाडायचं धाडस केलं. आणि त्यांच्या कानाला लागणारी कोण, तर ही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जाऊ दे. जागा काय डोक्यावर घिऊन जायाची हाय?" ज्यानं वीस वर्षं तंबूत काढली त्याला गोठा काय आणि बंगला काय.

दुसऱ्या दिवशी गोठा बघायला गेले. म्हशी आधीच पलीकडच्या छपरात हलवल्या होत्या. भिंतींना ताजा चुना होता. जमीन कोपऱ्याकोपऱ्यांपर्यंत सारवलेली, शेणात बोटांचे वळसे स्वच्छ दिसत होते. मला वाटलं, जखमेवर मीठ चोळायला मुद्दाम सारवून ठेवलंय. ये बाई, तुझा महाल तयार आहे, असं म्हणायचंय हिला. मी त्या सारवणावर चप्पल घालूनच फिरले.

मी मेढ्याकडची. आमच्याकडं पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, त्यामुळं छप्पर कसं धरायचं आणि ओल कशी मारायची हे मुलींना न शिकवता येतं. इकडच्या लोकांना छपराचं काही पडलेलं नसतं. मी पहिली खरेदी केली ती उजेडाच्या पत्र्यांची. गोठ्याला खिडकी एकच, तीही वर, वारं यायला ठेवलेली. मी मधले तीन पत्रे काढून तिथं दुधी रंगाचे, उजेड आत सोडणारे पत्रे टाकून घेतले. गवंडी म्हणाला, उन्हाळ्यात तापेल. मी खालून कापडाचा पडदा दोरीवर बसवला, हवा तेव्हा ओढता येणारा. त्या पत्र्यांनी माझ्या घरात दिवसभर असा उजेड असतो की तांदूळ निवडायला दारात यावं लागत नाही. थोरलीच्या स्लॅबच्या खोल्यांत दुपारीही दिवा लागतो. हे मी लोकांना सांगायला विसरत नाही.

दुसरं काम गव्हाणीचं. भिंतीला लागून सिमेंटची लांब गव्हाण होती, म्हशींच्या वैरणीची. सगळे म्हणाले फोडून टाका. मी फोडली नाही. विटांचे दोन थर चढवून ती उंच केली, आत खडी भरली आणि वरून कडप्पा टाकून त्याचाच ओटा केला. बारा फुटी ओटा झाला, आष्ट्यातल्या डॉक्टरच्या बायकोकडंही एवढा नसेल. त्याच्या एका टोकाला मी चपात्या लाटते आणि दुसऱ्या टोकाला पापड वाळतात. आजही घरातली माझी सगळ्यात आवडती जागा कोणती विचाराल तर ती गव्हाण.

इथपर्यंत राग होता, पण त्याला धार नव्हती. धार आली वास्तुशांतीच्या दिवशी. मी स्वतः जाऊन कुंकू लावून आले होते, आक्का म्हणून, खाली वाकून. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला एकेक करून आत येत होत्या. थोरली तिच्या मागच्या दारात धुणं वाळत घालत होती. कुणीतरी तिला हाक मारली, "आवं, येताय न्हवं?" तिनं धुणं झटकलं आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "गोठ्याची कसली गं वास्तुशांत? आमी न्हाई गोठ्यात जेवत."

बायका हसल्या. ज्यांच्या ओटीत मी नुकतेच तांदूळ घातले होते त्याही हसल्या. मी हातातला कुंकवाचा करंडा बंद केला आणि ठरवलं, एक दिवस ही बाई या गोठ्यात येईल आणि हात पसरून येईल. तिला हवीशी वाटेल अशी एकेक वस्तू मी या घरात आणून ठेवीन.

मग मी थांबले नाही. गोठ्याला दार नव्हतं, आडव्या बांबूचं फाटक होतं. सांगलीला जुन्या घरांचं लाकूड विकणारे आहेत, त्यांच्याकडून मी सागवानी दार आणलं, पितळी कडीचं. टेम्पो मुद्दाम पुढच्या रस्त्यानं आणायला लावला आणि तिच्या सोप्यापुढं दोन मिनिटं थांबवला, पत्ता विचारायच्या निमित्तानं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पत्ता तर तुमीच की." मी त्याला गप्प बसवलं. त्या दाराला बेल बसवली, दाबली की पाखरू ओरडल्यासारखी वाजणारी. गावात बेल कोण वाजवतंय, लोक दारातूनच हाका मारत येतात. पण ती वाजली की आवाज तिच्या स्वयंपाकघरात जातो, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाजवायला लावायची.

पाण्याच्या टाकीचं मात्र मी जे केलं ते चांगलं नव्हतं, आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं. टाकी कुठं चढवायची म्हणून प्लंबरनं परड्याकडची बाजू दाखवली. "तिकडं पाईप कमी लागंल," तो म्हणाला. मी अंगणाकडच्या कोपऱ्यात चौथरा बांधायला लावला, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्या खिडकीतून तिला मळा दिसायचा. आता काळी टाकी दिसते. पुढच्या वर्षी त्याच चौथऱ्याशेजारी सोलर बंब बसवला. थंडीत ती मागच्या दारात बंबाला पाचट घालून डोळे चोळत बसायची, तेव्हा मी नळ सोडून वाफाळलेल्या पाण्यानं भांडी घासायची. भांडी घासायला गरम पाणी लागत नाही, हे मलाही कळत होतं.

एवढं करूनही ती आली नाही. पाणी गेलं तर दोन गल्ल्या पलीकडून भरून आणायची, माझ्या भरलेल्या टाकीखालून कळशी घेऊन जायची. लाइट गेली की माझ्याकडं इन्व्हर्टरवर पंखा फिरायचा आणि ती सोप्यात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. मला तिच्या हट्टाचं कौतुक वाटायला लागलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग कमोड आणला. तो सूड म्हणून नव्हता, गरज म्हणून होता. नवऱ्याचा गुडघा नोकरीतच बर्फात घसरून दुखावलेला, त्याला खाली बसता येईना. बाथरूम मी घरातच काढलं, परड्याच्या बाजूला, खाली न घसरणारी खरबरीत फरशी आणि भिंतीला धरायला स्टीलची दांडी. पांढराशुभ्र कमोड सांगलीहून गवतात गुंडाळून आला. गल्लीत पहिलाच. दुसऱ्या दिवशी गिरणीत थोरली म्हणाली, "आमच्या गोठ्यात आता खुर्ची आलीया. म्हसरं हुबी ऱ्हाऊन करायची, ह्ये बसून करत्यात." गिरणीतल्या बायका पीठ सांडेपर्यंत हसल्या. पुढं वर्षभर मला कुणी भेटलं की आधी विचारायचं, "खुर्ची कशी हाय?" मी म्हणायची, "बरी हाय, तुमी बी या बसायला." वरवर हसायची, आणि घरी येऊन त्याच बाथरूमची फरशी दोनदा घासायची.

हे असं चाललेलं असताना गेल्या साली थोरलीचे गुडघे गेले. आधी एक, मग दुसरा. मिरजेला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, सहा महिने खाली बसायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, संडासाला खुर्चीच पाहिजे. त्यांचा संडास मागच्या अंगणात, दोन पायऱ्या वर, खाली बसायचा, आणि इतका अरुंद की प्लॅस्टिकची खुर्ची विकत आणली तर ती दारातून आत जाईना. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, घरातच नवीन बाथरूम काढू, पण गवंडी मिळेपर्यंत महिना तरी जाईल. साऱ्या गल्लीत कमोड एकच होता.

मला हे समजलं तेव्हा मी गव्हाणीवर कणीक मळत होते. हात थांबले. अकरा वर्षं मी टाक्या बांधल्या, बंब चढवले, दारं आणली, आणि ज्याच्यावरून ती गावभर हसली त्याच्याचसाठी तिला यावं लागणार होतं.

पहिल्यांदा थोरले दीर आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभं राहून नवऱ्याशी बोलले. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, धाकट्या भावजयीशी बोलायची त्यांची पद्धत नाही. नवरा म्हणाला, "आवं दादा, इचारायचं काय त्यात?" मी दाराआडून म्हणाले, "ज्येला जायाचं हाय त्येनं यावं इचारायला." दीर मान खाली घालून परत गेले. नवऱ्यानं मला डोळे दाखवले, पण माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे त्याला लग्नानंतर वर्षभरातच कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मी दाराच्या फटीतून बघत होते. वॉकर पुढं ठेवायची, एक पाय, दुसरा पाय, थांबायची. वीस पावलांना तिला किती वेळ लागला कोण जाणे, मी दार उघडलं नाही. उंबऱ्याबाहेर वॉकर थांबल्याचा आवाज आला. मग बेल वाजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते बटण तिच्या बोटानं दाबलं गेलं. मी उठले नाही. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा उठले.

मी दार उघडलं. डेअरीला दूध घालून येणाऱ्या दोघी तिथंच रेंगाळल्या होत्या, किटल्या हातात. थोरलीला घाम फुटला होता. ती म्हणाली, "आत जाऊ का जरा?"

"कुटं?" मी विचारलं.

"बाथरूमला."

मी दार पूर्ण उघडलं आणि त्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या. गोठ्यात या."

हे वाक्य मी किती वर्षं तोंडात घोळवलं होतं. ते म्हणताना तिचं तोंड बघायचं होतं. ते काही बघायला मिळालं नाही, कारण तिनं वर बघितलंच नाही. ती उंबऱ्याकडं बघत होती, पाय कसा उचलावा म्हणून. मी हात पुढं केला नाही. ती आत गेली, बाहेर आली, हात धुतले आणि तशीच एकेक पाऊल टाकत निघून गेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हाही मी बेल दोनदा वाजू दिली.

तिसऱ्या दिवशी परत जाताना ती मध्येच थांबली. पाय थरथरत होता. मी काही म्हणायच्या आत ती गव्हाणीला टेकली आणि तिथल्या खुर्चीत बसली. बसल्यावर तिनं घर बघितलं. वरचे उजेडाचे पत्रे बघितले, पडद्याची दोरी बघितली. मग कडप्प्यावरून हात फिरवला आणि खालच्या सिमेंटला बोटं लावून म्हणाली, "ही गव्हाणच न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मी हितं चूल मांडणार हुते."

मला वाटलं ऑपरेशनच्या गोळ्यांनी बरळतेय. मी म्हणाले, "कवा?"

"वाटणीच्या वक्ताला." ती सांगायला लागली, सपाट आवाजात, माझ्याकडं न बघता. "ह्यांनी वाटं पाडलं तवा मी इचारलं, म्होरल्या खोल्या एकीकडं आनि गोठा एकीकडं, आसं कसं? तर म्हनले, धाकटा उचलंल ते म्होरलं. त्येच्याच पगारावर हुबं हाय. सरळ द्याया गेलो तर घ्याचा न्हाई, म्हनून वाट्यात घातलंय. आपुन मागं जाऊ. मी लय रडले. मग म्हनलं, जायाचंच हाय तर निदान नीट करून जावं. दोन दिस राबले. चुना मीच दिला, कोपरं मीच सारवलं. कुटं चूल, कुटं हंडा, समदं ठरवून ठिवलं. आनि वाटनीच्या दिशी तुझा मालक म्हनतोय, तुमी म्होरलं घ्या."

मला ते शेणातले बोटांचे वळसे दिसायला लागले, आणि त्यावरून फिरलेली माझी चप्पल.

"तवा पदर लावून रडला हुता, त्ये?" मी म्हणाले.

"सुटले म्हनून रडले. खोटं कशाला बोलू." तिनं वॉकर जवळ ओढला. "आनि मग तुझं भ्या वाटाया लागलं. तुझ्याकडं बघितलं की वाटायचं, ही एक दिवस म्हनंल, ह्ये आमचं हाय, निघा. म्हनून मी आदीच बोलत सुटायची, गोठा गोठा. जरा लांब ऱ्हाशील म्हनून."

"एवढं हुतं तर सांगायचं न्हाई?"

"ह्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हनले, धाकट्याला ठावं हाय, आपुन बोलून त्येला खाली बघाया लावायचं न्हाई."

धाकट्याला ठाऊक आहे. ती वॉकर घेऊन गेली तरी मी तिथंच उभी होते. माफी मागायचा विचार मनात आला होता, पण ते मला जमत नाही. आणि त्या क्षणी माझा सगळा राग दुसरीकडं निघाला होता.

नवरा परड्यात कढीपत्त्याला आळं करत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "वाटं पाडलं तवा म्होरलं तुमच्यासाठीच हुतं, ह्ये तुमाला ठाऊक हुतं?"

त्यानं खुरपं खाली ठेवलं. एवढ्यावरूनच मला कळलं. "दादा बोलला हुता," तो म्हणाला. "आदल्या दिशी. म्हनला, तू म्होरलंच उचल."

"मग?"

"चारचौघांत थोरल्याला गोठ्यात घालून मी फरशीवर बसू? लोक काय म्हनले आसते?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. अकरा वर्सं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतीया. दादांनी फसवलं, आक्कांनी कान फुकलं, रोज तुमच्या म्होरं बसून म्हनत हुते. तवा तुमाला तोंड न्हवतं?"

त्यानं खुरप्याला लागलेली माती बोटानं काढली. मग खरं बोलला, आणि ते खरं मला आजही पचलेलं नाही. तो म्हणाला, "सांगितलं आसतं तर तू मला धरलं आसतंस. तुझा राग तिकडं जात हुता, ते बरं हुतं."

सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस. घरात आला आणि अकरा वर्षं सख्ख्या भावाच्या आणि वहिनीच्या आड लपला. माझ्या रागाच्या गोळ्या त्यांना लागत होत्या आणि हा माझ्या हातची भाकरी खात निवांत होता. मी टाकी बांधली तेव्हा चौथऱ्याला पाणी यानंच मारलं. मी तिची खिडकी झाकतेय हे त्याला दिसत होतं, का झाकतेय हेही दिसत होतं. मला भांडावंसं वाटलं नाही. भांडून तो सुटला असता, दोन दिवस गप्प बसला असता आणि मग सगळं पूर्वीसारखं झालं असतं. मी म्हणाले, "उद्या सकाळी आक्का येतील. दार तुमी उघडायचं. हात धरून बाथरूमच्या दारापतूर न्ह्यायचं, भाईर हुबं ऱ्हायचं, आनि परत त्यांच्या घरापतूर सोडायचं. सकाळ-संध्याकाळ."

त्याचं तोंड उतरलं. "आगं, वयनी हायत्या त्या. संडासला मी कसा न्हेऊ? लोक बघत्याल."

"बघू द्या," मी म्हणाले. "लोकांची लय काळजी हाय न्हवं तुमाला."

सकाळी बेल वाजली. मी पहिल्याच आवाजाला नवऱ्याला ढोसलं. त्यानं दार उघडलं तशी थोरली दचकली, डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला. तिनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी गव्हाणीपाशी उभी होते. मी म्हणाले, "आक्का, त्यास्नी समदं ठाऊक हुतं. पैल्यापास्नं. मी तुमच्या नावानं काय काय बोलत हुते त्ये बी रोज ऐकत हुते."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो उंबऱ्याकडं बघत होता. डेअरीवरून येणाऱ्या त्या दोघी किटल्या घेऊन थांबल्या होत्याच. थोरलीनं वॉकरवरचा एक हात सोडला आणि त्याच्या हातात दिला, आणि मग अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकला. ती काही हलकी बाई नाही. माझ्या नवऱ्याचा दुखरा गुडघा वाकला, पण त्यानं हात सोडला नाही. बाथरूमच्या दाराबाहेर तो पाठ करून ताठ उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आत ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. बाहेर आली तेव्हा मी चहा टाकला होता, दोन कप.

रोज असंच चाललं. गल्लीनं आधी थट्टा केली, मग त्याला विचारायला लागली, आज ड्युटीवर का? तो घराबाहेर पडायचा कमी झाला. पंधराएक दिवसांनी थोरली माझ्याकडं चहा पीत बसली असताना पुण्याहून तिच्या मुलाचा फोन आला. गवंडी मिळाला होता, सोमवारी काम सुरू करतो म्हणत होता, फरशी कुठली आणू विचारत होता. तिनं फोन कानापासून लांब धरला आणि दाराकडं बघितलं. दारात माझा नवरा तिचा वॉकर धरून उभा होता, कधी उठतेय याची वाट बघत.

"घाई करू नगंस रं," ती दारातल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला हितं लय सोयीचं पडतंय. गवंड्याला म्हनावं, दिवाळी झाल्यावर बघू."